शालनबाईंचं जेवण व्हायचंय

बायकोच्या निवृत्तीला काय द्यायचं हे त्रिविक्रमराव हुद्दारांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पाच लिटरचा प्रेशर कुकर. तरीही रीत म्हणून त्यांनी विचारलं, "शालन, तुला काय हवं?" रीत म्हणून माणसाने काहीही विचारू नये, हे त्यांना त्याच वेळी कुणी सांगितलं असतं तर पुढचं सगळं बेंगळुरू टळलं असतं.

शालनबाई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला दोन तास बसून जेवायचंय."

"बस की मग. नको कोण म्हणतंय?"

"घरी नाही. जिथे वाढायला मला उठावं लागणार नाही अशा ठिकाणी. आणि माझं जेवण होईपर्यंत तुम्ही पानावरून उठायचं नाही."

त्रिविक्रमराव हसले. मग बायको हसत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हसू आवरतं घेतलं.

ही अट किती भयंकर होती हे कळायला त्रिविक्रमरावांना जेवताना पाहिलेलं असावं लागतं. निपाणीच्या बसस्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. गाडी फलाटाला लागली की शिट्टी, गाडी सुटायची झाली की शिट्टी, आणि दोन शिट्ट्यांच्या मधे जमेल तो संसार. पुराणातल्या त्रिविक्रमाने तीन पावलांत त्रिभुवन व्यापलं. हुद्दारांचा त्रिविक्रम तीन पावलांत जेवण उरकी: भाकरी, भात, हात धुणे. शालनबाई सगळं वाढून स्वतःच्या ताटाशी टेकेपर्यंत मोरीतून चूळ भरल्याचा आवाज येई. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा, घरी नवऱ्याची घाई. त्यांनी आयुष्यभर घास चावले कमी आणि गिळले जास्त. पण त्रिविक्रमरावांना त्या क्षणी हे काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त दोन तास दिसत होते. दोन तासांत निपाणीहून कोल्हापूरला जाऊन परत येता येतं. आणि तेवढा वेळ एका जागी बसून करायचं काय?

शालनबाईंचा भाचा शार्दूल बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होता. त्याने फोनवरच निकाल लावला. "आत्या, डोन्ट वरी! इंदिरानगरला एक फ्रेंच बिस्ट्रो आहे. लोक तीन-तीन तास बसतात तिथे. मी टेबल बुक करतो. तुम्ही दोघं दोन दिवस माझ्याकडे या, मस्त लंच करा, रात्रीच्या बसने परत जा. एकदम चिल!"

तीन-तीन तास हे शब्द ऐकून त्रिविक्रमरावांनी फोन शालनबाईंकडे दिला आणि ते पाणी प्यायले.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे कृष्णाजी संध्याकाळी येऊन बसले. तंबाखूच्या वखारीत उभा जन्म काढलेला हा गृहस्थ कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता, त्यामुळे परदेशाबद्दल त्यांची मतं पक्की होती. "फ्रेंच म्हणजे बेडूक बघा, त्रिविक्रमराव. बेडूक नसला तर गोगलगाय. आणि पाणी मागितलं तर दारू आणत्यात. शिवाय देत्यात किती? एवढं." त्यांनी अंगठ्याच्या नखावर माप दाखवलं. "तुम्ही आपलं आधी कुठंतरी पोटभर जेवून घ्या आणि मग जेवायला जावा."

हा सल्ला त्रिविक्रमरावांना एकदम पटला. सल्ला जितका बिनबुडाचा तितका तो चिंताग्रस्त माणसाच्या मनात खोल रुजतो. हुद्दारांकडे अंड्यापर्यंत चाले, अंड्याच्या आईपासून पुढे बंदी. त्यामुळे बेडकाच्या प्रश्नाने त्यांना रात्रभर तळमळत ठेवलं. जाताना घराच्या अंगणातली झाडं आणि किल्ली त्यांनी कृष्णाजींच्याच स्वाधीन केली, हीसुद्धा एक चूकच होती, पण ती पुढे कळली.

बिस्ट्रोमधून फोन आला तेव्हा दोघं शार्दूलच्या फ्लॅटवर पोचलेले होते. पलीकडून एक मुलगी फार गोड इंग्रजीत बोलत होती. त्रिविक्रमरावांना तिचं बोलणं तीन वेळा ऐकल्यावर निम्मं समजलं. काही अ‍ॅलर्जी आहे का, असं ती विचारत होती.

"आहे," त्रिविक्रमराव गंभीरपणे म्हणाले. "उशीर."

"सॉरी सर?"

"लेट. लेट झालं की मला पित्त होतं."

पलीकडून पेन खरखरल्याचा आवाज आला. तिने ते बहुधा कुठल्यातरी परदेशी भाजीचं नाव समजून टिपून घेतलं असावं. मग ती म्हणाली की टेबल फक्त पंधरा मिनिटं राखून ठेवलं जाईल, त्यानंतर दुसऱ्याला दिलं जाईल. या वाक्याने त्रिविक्रमरावांच्या मनात तिच्याबद्दल एकाच वेळी आदर आणि धास्ती निर्माण झाली. कारण जन्मभर ते स्वतः हेच करत आले होते. धावत येणाऱ्या प्रवाशाच्या तोंडावर गाडी सोडून देताना त्यांचा हात कधी कापला नव्हता. आता धावत येणारा प्रवासी आपण होणार, या कल्पनेने त्यांनी सकाळचा गजर तासभर अलीकडे आणला.

दुपारच्या एकच्या जेवणासाठी त्यांनी शालनबाईंना सकाळी आठला तयार केलं. शार्दूल दात घासता घासता म्हणाला, "काका, कॅब घेतली तर दीड तास, मॅक्स." त्रिविक्रमराव म्हणाले, "या गावचा दीड तास मला माहीत आहे. रात्री नऊची बस आहे आपली, ते पण लक्षात असू दे." जेवण एकला, बस नऊला, या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, हे शार्दूलला कळलं नाही. तो लहान होता.

उड्डाणपुलावरून गाडी सुसाट सुटली आणि पूल उतरल्यावर मुंगीसारखी चालू लागली, पण एवढं करूनही ते इंदिरानगरला पोचले तेव्हा बिस्ट्रोच्या दाराला कुलूप होतं. जुन्या बंगल्याचं हिरवं फाटक, आत बोगनवेल, आणि पाटीवर एक लांबलचक नाव. त्यातली निम्मी अक्षरं वाचायची नसतात असं शार्दूलने बजावलं होतं, पण कुठली निम्मी ते सांगितलं नव्हतं. रखवालदार कन्नडमधून म्हणाला, बाराला उघडेल. निपाणीच्या माणसाला कन्नड कळतं, त्यामुळे गैरसमजाचाही आधार राहिला नाही.

समोरच इडली-वड्याचं छोटंसं दर्शिनी हॉटेल होतं. त्रिविक्रमरावांना कृष्णाजींचा सल्ला आठवला. बेडकापुढे उपाशी पोटी उभं राहणं शहाणपणाचं नव्हतं. त्यांनी उभ्या उभ्या दोन इडल्या खाल्ल्या, मग एक वडा खाल्ला, मग तो वडा एकटा पडू नये म्हणून आणखी एक. शालनबाईंनी फक्त कॉफी घेतली. "मी जेवायला आले आहे," त्या म्हणाल्या, आणि रस्त्याकडे बघत शांत उभ्या राहिल्या.

दार उघडल्यावर सगळ्यात आधी आत शिरलेल्या दोन माणसांपैकी एकाचं पोट गच्च भरलेलं होतं, आणि तोच जास्त घाबरलेला होता.

दाराशी काळ्या जाकिटातला एक हसतमुख तरुण उभा होता. त्याच्या छातीवर मंजुनाथ असं नाव होतं. त्याने हातातल्या पाटीवर बोट फिरवलं. "हुद्दार? नाही सर. हुद्दार नावाने काही नाही."

त्रिविक्रमरावांच्या डोळ्यांपुढे बंद फाटक, रिकामं टेबल आणि बायकोचा चेहरा एकापाठोपाठ एक येऊन गेले. "नीट बघा. शार्दूल नावाने बघा."

"शार्दूल पण नाही. फक्त एक आहे. मिसेस आत्या, दोन जण."

मग शालनबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. भाच्याने फोनमध्ये त्यांचं नाव ज्या शब्दात साठवलं होतं तोच शब्द त्याने बुकिंगमध्ये भरला होता.

"अहो, ते नाव नाही, ते नातं आहे..." त्रिविक्रमराव सांगू लागले.

"मीच मिसेस आत्या," शालनबाई म्हणाल्या. "कुठं बसायचं?"

मंजुनाथने त्यांना खिडकीपाशी बसवलं. तिथून पुढचं सगळं जेवण तो त्यांना आत्या मॅडम म्हणत राहिला. त्रिविक्रमरावांनी एकदा दुरुस्ती करायचा प्रयत्न केला तेव्हा टेबलाखालून शालनबाईंचा पाय त्यांच्या पायावर पडला.

पदार्थांची नावं भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिली होती. उभा जन्म खडूशी काढलेल्या शालनबाई त्या फळ्याकडे बराच वेळ बघत बसल्या. "अक्षर सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "ओळी पण सरळ आहेत." त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मग प्रत्येक ओळीत काय असतं ते मंजुनाथला विचारलं. मंजुनाथ आनेकलचा निघाला. आनेकल आणि निपाणी यांच्यामध्ये सगळा कर्नाटक आडवा पसरला आहे, पण परक्या पदार्थांपुढे तो एका गल्लीएवढा झाला. तो कन्नडमधून समजावून सांगू लागला, कशात मांस आहे, कशात नाही, कुठलं सूप नुसत्या भाज्यांच्या पाण्यात केलेलं आहे. फळ्यावर बेडूक नव्हता. त्रिविक्रमरावांनी दोनदा खात्री करून घेतली. बेडूक नसल्याने त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण इतके दिवस सांभाळलेली काळजी वाया गेल्याचं थोडं वाईटच वाटलं.

"सगळं ताजं करतो, सर," मंजुनाथ म्हणाला. "स्वल्प वेळ लागेल. निधान."

कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. दोन्ही भाषा येणाऱ्या त्रिविक्रमरावांना तेवढ्यात फक्त पहिला अर्थ ऐकू आला आणि त्यांनी घड्याळ पाहिलं. "नऊची बस आहे आमची," त्यांनी मंजुनाथला सांगितलं.

"रात्री नऊ?" मंजुनाथने खिडकीबाहेरच्या लख्ख उन्हाकडे पाहिलं. "सरी, सर," तो म्हणाला, म्हणजे बरं.

शालनबाईंनी कांद्याचं सूप, पाव आणि रातातुई नावाची एक भाजी मागवली. त्रिविक्रमरावांच्या पोटात इडल्या आणि वडे दाटीवाटीने बसले होते, म्हणून त्यांनी नुसतं सूप सांगितलं. मग वाट पाहणं सुरू झालं. त्रिविक्रमरावांनी काटे मोजले, मीठ-मिरीच्या कुप्या एका रेषेत लावल्या, उठायला म्हणून खुर्ची मागे सरकवली आणि शालनबाईंनी नुसतं पाहिल्यावर पुढे ओढून घेतली.

सूप आलं. वर पावाचा तुकडा आणि त्यावर वितळलेल्या चीजचा जाड थर होता. त्रिविक्रमरावांनी चमचा घातला, घास घेतला, आणि चीजची तार काही तुटेना. चमचा वर, चीज खाली. त्यांनी मान मागे घेतली, चीज पुढे आलं. त्यांनी दात आवळून जोरात झटका दिला. तार तुटली. त्याचबरोबर तोंडातून काहीतरी सुटलं आणि बारीकसा टप्प आवाज करून सूपमध्ये पडलं.

वरच्या दातांपैकी मधला एक दात त्यांनी गेल्या वर्षी बसवून घेतला होता. डॉक्टरांनी ऊस आणि पेरू वर्ज्य सांगितला होता. फ्रेंच चीजबद्दल निपाणीच्या दंतवैद्याला काही बोलायचं कारण पडलं नव्हतं. त्रिविक्रमरावांनी चमच्याने सूप ढवळून दात शोधून काढला, हातरुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. कुणी पाहिलं नाही असं त्यांना वाटलं. शालनबाईंनी पाहिलं होतं, पण त्यांनी ते पाहिल्याचं दाखवलं नाही. लग्नाला जेवढी वर्षं झाली होती, त्यातून एवढं सौजन्य त्यांनी शिकून घेतलं होतं.

"शालन," त्रिविक्रमराव दबक्या आवाजात म्हणाले, आणि तोंडातून एक लांब, स्वच्छ, बसस्टँडच्या दर्जाची शिट्टी निघाली.

पलीकडच्या टेबलावरच्या दोन मुलींनी वळून पाहिलं. एक वयस्कर गृहस्थ दिवसाढवळ्या एका बाईंना शिट्टी मारत होते. त्रिविक्रमरावांचे कान तापले. त्यांनी चटकन तोंडावर हात धरला. "शा..." पुन्हा शिट्टी. बायकोचं नाव घेणं आता अशक्य झालं होतं. सूप, समोसा, सरकार, साडेआठ, शार्दूल, स, श आणि ष असलेला प्रत्येक शब्द त्यांना बंद झाला. माणसाच्या भाषेत हे अक्षर किती ठिकाणी येतं याचा त्यांनी यापूर्वी कधी विचार केला नव्हता.

आता यापुढे एकही शब्द बोलायचा नाही असं त्यांनी ठरवलं आणि नेमका फोन वाजला. कृष्णाजी होते.

"त्रिविक्रमराव! टाकीतनं पाणी वाहायलंय!"

"काय?"

"झाडांना पाणी घालायला मोटर लावली, ती आता बंदच होईना. बटणातनं ठिणग्या पडायल्यात. पाणी पार गल्लीत आलंय. मेन स्विच कुठाय तुमचा?"

फोन आला की उभं राहून येरझारा घालत बोलायचं, हा त्रिविक्रमरावांचा जन्माचा नियम. ते अर्धे उठले. शालनबाईंचा चमचा अर्ध्यावर थांबला. ते पुन्हा बसले. सगळं घर पाण्यात गेलं तरी चालेल, पण अट मोडायची नाही, एवढं शहाणपण त्यांच्याकडे उरलं होतं. तोंडावर एक हात धरून त्यांनी सांगायला सुरुवात केली. "मेन स्विच... स्विच..." शिट्टी, शिट्टी. "जिन्याखाली! सरळ आत या, आणि..." आणखी एक शिट्टी.

"कोण शिट्ट्या मारायलंय?" कृष्णाजी ओरडले. "बसस्टँडवर पोचलात काय इतक्यात?"

"नाही हो! जिन्याखाली!"

"विन्या? कोण विन्या?"

फोनवरचं बोलणं आता सगळा बिस्ट्रो ऐकत होता. निपाणीतला विजेचा धोका आणि इंदिरानगरमधली इज्जत हे दोन्ही एकाच वेळी हाताबाहेर चाललं होतं. त्रिविक्रमरावांच्या कपाळावरून घाम ओघळून सूपमध्ये पडायच्या बेतात होता. शालनबाईंनी पावाचा तुकडा ताटलीत ठेवला, हात पुढे केला आणि फोन घेतला.

"कृष्णाजी भावजी, जिन्याखाली मीटर आहे, त्याच्या शेजारी लाल दांडी आहे, ती खाली ओढा. पायात चप्पल आहे ना? मग ओढा." थोडा वेळ गेला. "थांबलं? बरं. तुळस ठीक आहे? ठेवते."

त्यांनी फोन परत दिला आणि पाव उचलला. भाजी आली होती. वांगं, दोडक्याच्या जातीची एक परदेशी फळभाजी आणि टोमॅटो, सगळ्यांच्या चकत्या एकमेकींना टेकून गोल रचलेल्या. त्यांनी एक चकती खाल्ली, बराच वेळ चावली.

"ही तर आपली मिश्र भाजी," त्रिविक्रमराव तोंडावर हात ठेवून म्हणाले. "एवढ्यासाठी इतक्या लांब?"

"भाजी घरी पण असते," शालनबाई म्हणाल्या. "बसणं नसतं."

त्रिविक्रमरावांनी सूपची वाटी बाजूला सरकवली. खायला काही नव्हतं, उठायची परवानगी नव्हती, घड्याळ पाहिलं तर बायको पाहत होती. दुसरं काहीच करता येत नाही अशी वेळ आल्यावर माणूस समोरच्या माणसाकडे पाहतो. त्यांनी पाहिलं. शालनबाई हळू जेवत होत्या. प्रत्येक चकती काट्याने अलगद सुटी करून, पावाच्या तुकड्याला थोडा रस लावून. त्यांना असं जेवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या जेवतात कशा हेच त्यांना माहीत नव्हतं.

"शाळेचा शेवटचा दिवस कसा गेला?" त्यांनी विचारलं. चार शिट्ट्या झाल्या, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. निवृत्तीला दोन महिने झाले होते आणि हा प्रश्न त्यांनी आजच विचारला होता.

शालनबाईंचा काटा थांबला. "सत्कार झाला. नारळ, शाल. ते तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर मधली सुट्टी झाली. सगळे बाहेर गेले. मी वर्गातच डबा उघडला. म्हटलं, आज घंटेची काळजी नाही. आज सावकाश खायचं." त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "पण घास उतरेना. घंटा वाजेल, घंटा वाजेल, असंच वाटत राहिलं. घंटा वाजली तेव्हा माझा डबा तसाच होता. तसाच बंद केला."

"मला सांगितलं नाहीस."

"घरी आले तेव्हा तुमचं जेवण झालेलं होतं."

त्रिविक्रमरावांनी तोंडावरचा हात खाली घेतला. मग विचारलं, डब्यात काय होतं. मग विचारलं, वर्ग कुठला होता, खिडकीतून काय दिसायचं. शालनबाई सांगत गेल्या. मधेच त्यांनी बसस्टँडबद्दल विचारलं, आणि त्रिविक्रमराव सांगू लागले, पहाटेच्या पुणे गाडीचा ड्रायव्हर कसा गाणं म्हणत यायचा, पावसात फलाटावर झोपणाऱ्या एका म्हातारीला ते रोज चहा कसा पाठवायचे. या म्हातारीबद्दल शालनबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्रिविक्रमरावांच्या बोलण्यात शिट्ट्या येत राहिल्या. मुली आता वळून पाहत नव्हत्या.

आणि तेवढ्यात कर्कश घंटा वाजू लागली.

छतावरचं काहीतरी लाल चमकू लागलं, आणि इंग्रजीतून एक बाई पुन्हा पुन्हा सांगू लागली की शांतपणे बाहेर पडा. हे ऐकून सगळे अशांतपणे बाहेर पडू लागले. मुलींनी पिशव्या उचलल्या. कुणाची खुर्ची पडली. आग! त्रिविक्रमरावांची पाठ स्वयंपाकघराकडे होती, त्यामुळे त्यांना काही दिसत नव्हतं आणि म्हणूनच सगळं दिसत होतं: ज्वाळा, धूर, अग्निशामक दलाची गाडी, आणि उद्याच्या बातमीत मिसेस आत्या हे नाव. त्यांचे पाय आपोआप ताठ झाले. त्यांनी शालनबाईंकडे पाहिलं.

शालनबाई बसून होत्या. काटा ताटलीवर ठेवलेला, हात मांडीवर, चेहऱ्यावर चिंतेचा मागमूस नाही.

मंजुनाथ धावत आला. "सर, आत्या मॅडम, बाहेर बन्नी, प्लीज! बाहेर!"

त्रिविक्रमराव हुद्दार आयुष्यात जेवढे घाबरले होते त्या सगळ्याची बेरीज करून त्याहून जास्त घाबरले होते. पण बायको उठली नव्हती. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही बाजू घट्ट पकडल्या.

"यांचं जेवण व्हायचंय," ते म्हणाले.

"सर, आग..."

"असू दे. यांचं जेवण व्हायचंय."

मंजुनाथने आधी त्यांच्याकडे आणि मग शालनबाईंकडे पाहिलं. तेव्हा शालनबाई म्हणाल्या, "अहो, आग कसली? तिकडे मागच्या टेबलावर गोड धिरड्यावर दारू ओतून पेटवली. जाळ बरोबर त्या यंत्राखाली गेला. धिरडं केव्हाच विझलंय."

मंजुनाथ मागे वळून धावला. थोड्या वेळाने आवाज बंद झाला. माणसं फुटपाथवरून हसत, कुरकुरत परत येऊ लागली. सगळ्या खोलीत न उठलेली दोनच माणसं होती, आणि आत येणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे नवलाने पाहत होता. त्रिविक्रमरावांचे हात अजून खुर्चीला चिकटलेले होते. ते एकेक बोट करून सोडवावे लागले.

"तुम्हाला माहीत नव्हतं ना, आग नाही ते?" शालनबाईंनी विचारलं.

"कसं माहीत असणार? पाठ होती माझी."

"मग उठला का नाहीत?"

"तू उठली नव्हतीस."

शालनबाईंनी पाण्याचा घोट घेतला, पण पेला लगेच खाली ठेवला नाही.

मंजुनाथ ताटल्या उचलायला आला. शालनबाईंच्या ताटलीत वांग्याची एकच चकती उरली होती. त्याने हात पुढे केला. "राहू दे," त्या म्हणाल्या.

त्रिविक्रमरावांच्या लक्षात आलं की ही चकती आपण बराच वेळ पाहत आलो आहोत. पुणे गाडीच्या ड्रायव्हरची गोष्ट सांगत होते तेव्हाही ती तिथेच होती. म्हातारीच्या चहाच्या वेळीही. आगीच्या वेळी तर नक्कीच.

"तुला ते खायचंय की नाही?"

"पोट भरलंय कधीच."

"मग ठेवलंय कशाला?"

शालनबाईंनी काट्याने ती चकती ताटलीत थोडी सरकवली. "ती संपली की तुम्ही उठणार," त्या म्हणाल्या.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून हॉर्न वाजवत होत्या. नऊच्या बसला वेळ होता आणि नव्हताही. बेंगळुरूत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्रिविक्रमरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात किती वाजलेत ते त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. त्यांनी हात वर करून मंजुनाथला बोलावलं.

"तुमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ लागतो असं काय आहे?"

"सर?" मंजुनाथ गोंधळला. हा गृहस्थ आल्यापासून फक्त घड्याळच पाहत होता.

"सगळ्यात सावकाश होणारं. काहीही." एकेका शब्दाला शिट्टी वाजत होती. पलीकडच्या मुली हसल्या. त्रिविक्रमरावांनी तोंडावर हात धरला नाही.

"सूफ्ले आहे, सर. अंड्याचं, गोड. पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तुमची बस..."

"आण. एकच आण. दोन चमचे."

शालनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ती शेवटची चकती काट्याने उचलली आणि खाऊन टाकली.

सूफ्ले यायला वेळ लागलाच. त्या वेळात शालनबाईंनी पाचवीतल्या एका मुलाची गोष्ट सांगितली, तो पाढे गाण्याच्या चालीवर म्हणायचा. त्रिविक्रमराव इतक्या मोठ्याने हसले की खिशातला दात बाहेर पडून टेबलाखाली घरंगळला. तो शोधायला शालनबाई खाली वाकू लागल्या, तर त्रिविक्रमरावांनी त्यांना वाकू दिलं नाही. राहू दे, म्हणाले, निघताना बघू. शार्दूलचा फोन आला, काका, निघालात का, ट्रॅफिक भयंकर आहे. त्यांनी सांगितलं, आमचं जेवण व्हायचंय.

मग स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि मंजुनाथ एक पांढरी वाटी दोन्ही हातांत धरून जवळजवळ धावत आला. वाटीच्या काठावर वीतभर फुगून उभा राहिलेला सोनेरी डोलारा थरथरत होता. त्याने वाटी टेबलावर ठेवली आणि चमचे पुढे केले.

"सर, आत्या मॅडम, लगेच! लगेच खा," तो धापा टाकत म्हणाला. "याला थांबवता येत नाही. दोन मिनिटांत खाली बसतं हे."

"बसू दे," त्रिविक्रमराव म्हणाले.